चटणीचा पोशाख

हणमंतअण्णांना चहाबरोबर बिस्किटं द्यायची असतील तर ती आधी पुड्यातून काढून बशीत मांडावीत. पुडा तसाच समोर ठेवला तर चहा गार होतो, बिस्किटं बाजूला राहतात आणि घरी जायची वेळ होऊन जाते. हे मी अनुभवानं सांगतो आहे.

पुडा हातात आला की अण्णा तो आधी उजेडाकडे धरत. मग कागदाचा जोड कुठे आहे ते अंगठ्यानं चाचपत. जोड सापडला की सदऱ्याच्या खिशातून दाढीचं अर्धं पातं बाहेर येई. डिंक चिवट निघाला तर तो जोड चहाच्या वाफेवर धरला जाई. चहाचा त्यांना उपयोग तेवढाच. कागद अखंड सुटून आला की तो मांडीवर ठेवून तळहातानं सारखा करायचा आणि मागूनपुढून वाचायचा, असा क्रम होता. उघड्या पडलेल्या बिस्किटांकडे ते बघतसुद्धा नसत. ती आमच्या छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर खाऊन टाकी. या कंपोझिटरनं एकदा त्यांच्यादेखत पुडा दातानं फाडला, तर अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"सोडवायचा आस्तोय गड्या," ते म्हणाले. "फाडायचा न्हाई."

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात माझा छापखाना होता. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक मशीन, टायपांचे खण ठेवायच्या घोड्या आणि शाईचा वास. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेतल्या कुस्त्यांची पत्रकं आणि कुणी वारलं की पुण्यस्मरणाची कार्डं, एवढ्यावर माझा संसार चाले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या दिवसांत बाजारात लेबलांची लाट आली होती. काल-परवापर्यंत वर्तमानपत्राच्या पुडीत दोऱ्यानं बांधून मिळणारी हळद अचानक प्लास्टिकच्या पिशवीत बसली, आणि पिशवीत बसल्यावर तिला नावगाव, चित्र, 'शुद्धतेची खात्री' हे सगळं लागायला लागलं. माझ्याकडे हळदवाले, पापडवाले, दंतमंजनवाले येऊ लागले. त्यांच्या मागोमाग एक दिवस कुंडलहून अण्णा आले.

अण्णा मिलिटरीत होते, पण बंदूक त्यांनी बेताचीच हाताळलेली. सगळी नोकरी रसदीच्या गोदामात, खोकी बांधण्यात आणि खोकी सोडण्यात गेली. पेन्शनीवर येऊन ते उसाच्या रानात उभे राहिले खरे, पण लक्ष खोक्यात. घरात त्यांनी लोणच्याच्या बरण्यांवर, अंड्यांच्या टोपलीवर, बियाण्याच्या पेटीवर लाल रंगानं 'ही बाजू वर' असं लिहून ठेवलं होतं. भाचीच्या बाळंतपणात पाळणा रंगवून दिला, त्यावरही लिहिलं. पाळण्याची कुठली बाजू वर हे कुंडलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नव्हता.

बाजारच्या दिवशी ते सांगलीला येत आणि दुकानांपुढून नुसते फिरत. विकत काही घेत नसत. फिरून झालं की माझ्याकडे येऊन, लोक पीकपाण्याचं सांगतात तसं बाजाराचं सांगत. औंदा गोल डबे कमी आलेत, चौकोनी लय. पत्र्याचा जोर मोडला, प्लास्टिक वर आलं. खोक्याला आता खिडकी ठेवत्यात आणि खिडकीला पारदर्शक कागद लावत्यात, म्हंजे आत काय हाय ते दिसतंय आणि हात लावता येत न्हाई. चित्रांवर त्यांचा खास अभ्यास होता.

"गेल्या साली समद्या डब्यावर बाळ हुतं," ते म्हणाले. "साबनाला बाळ, तेलाला बाळ, बॅटरीलाबी बाळ. यंदा बाळ जाऊन बाई आली. पुढल्या साली कुत्रं येनार, बगा तुमी."

पुतण्यासाठी मुलगी बघायला ते एकदा साताऱ्याला गेले होते. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे. अण्णांनी पेढ्याच्या पेटीचं वर्णन सुरू केलं. पेटीचं झाकण कसं बसतं, आत तेलकट कागद कसा घातलाय, कडेला दोरीसाठी खाच कशी आहे. मुलगी गोरी की सावळी हे शेवटपर्यंत कळलं नाही. पुतण्याला स्वतः एस.टी.नं साताऱ्याला जाऊन पाहून यावं लागलं.

"माल काय, कुटंबी मिळतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मालाला पोशाख पायजे."

गंमत अशी की त्यांच्या घरात जो माल होता तसा कुठंही मिळत नव्हता. अण्णांच्या बायकोची, म्हणजे चंद्रभागावहिनींची, कांदा-लसणाची चटणी. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाला भाजून ती गिरणीतल्या डंकावर कुटून आणली की आसपासच्या आळ्यांतून बाया वाट्या घेऊन येत. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा भाकरीबरोबर खाल्ली आणि नंतर दोन घास नुसत्या चटणीचे खाऊन डोळे पुसले. चटणी फक्कड झालीय असं अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ती मला ज्या डबीतून दिली होती त्या डबीबद्दल मी काहीच बोललो नव्हतो.

तर ही चटणी त्यांना पिशवीत घालून विकायची होती आणि पिशवीवर छापायचं होतं वहिनींचं तोंड.

मसाल्याच्या पिशवीवर मालकाचा फोटो टाकायची तेव्हा पद्धतच पडली होती. फेटा, मिशा, खाली नाव. अण्णांची मिशी त्या कामाला फार लायक होती. मी तसं सुचवलंही. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला खोकी सोडून दुसरं काही सांगितलं. मिलिटरीत असताना बाकीच्या जवानांच्या ट्रंकेच्या झाकणात बायकोचा फोटो चिकटवलेला असे. अण्णांकडे नव्हता. वहिनींनी कधी फोटो काढलाच नव्हता, माहेरी नाही, सासरी नाही. त्यांच्याकडून येई ती चटणी. जुन्या लुगड्याचा तुकडा डब्याभोवती गुंडाळून सुईदोऱ्यानं शिवलेला. सगळ्या पलटणीची जीभ त्या डब्यावर असायची आणि अण्णा टाका न् टाका उसवत बसायचे, कारण लुगडं ओळखीचं असायचं.

"तवा त्वांड दिसत न्हवतं, नुसती चटणी दिसायची," ते म्हणाले. "आता चटणीवर त्वांड पायजे."

खरं सांगायचं तर मला गलबलून आलं, आणि मी मशीन चालवणाऱ्या गड्यावर उगाचच ओरडलो.

अडचण एकच होती. वहिनी तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि मला ते पटलेलं होतं. चटणी संपली की लोक पिशवी फाडून उकिरड्यावर टाकतात. कोंबड्या उकरतात. आपलं तोंड तिथं पडायचं आणि गावातल्या बायांनी त्यावरनं चालत जायचं, हे कशासाठी? अण्णांनी त्यांना शब्द दिला की ज्याच्यावर तुझा फोटो ते वेष्टन कुणी फाडणार नाही आणि फेकणार तर नाहीच. असं काही त्यांनी करून दाखवलं तरच फोटो छापायचा, नाहीतर विषय बंद. वहिनी हो म्हणाल्या, बहुतेक यातून काही निघणार नाही या खात्रीनं.

इथून पुढं दोन वर्षं अण्णा एकाच प्रश्नामागं होते: माणूस काय फेकत नाही?

माणूस डबा फेकत नाही, म्हणून आधी पत्र्याचे डबे झाले. चटणी आतून काळी पडली आणि डब्यांत लोकांनी रॉकेल ठेवलं. मग पुठ्ठ्याची खोकी झाली. आठवड्यात तेल फुटून ते बरोबर चित्राच्या जागी, वरच्या ओठावर उमटलं. अजून फोटो नव्हता, नमुन्याला एका सिनेमातल्या बाईचं चित्र चिकटवलं होतं, तिला मिशा आल्या. वहिनींनी ते खोकं शेजारणींना बोलावून दाखवलं. मग कापडाची पिशवी झाली. तिचा उपयोग लोकांनी पातेली उतरवायला केला. अण्णा हताश होऊन माझ्या दुकानात बसत आणि बिस्किटाचा पुडासुद्धा सोडवत नसत. इतकं झाल्यावर मलाही काळजी वाटायला लागली.

शेवटी त्यांना सापडलं. प्लास्टिकची पिशवी, तिच्या बाहेर दुसरी पिशवी, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं कार्ड. तेल आत राहतं, कार्ड कोरडं. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरनं फिरवलं की चिकटून बंद. चटणी संपली तरी कार्ड कोरं करकरीत राहणार. आता ते फेकू नये म्हणून काय करायचं? तर मागच्या बाजूला आरती छापायची.

"आरतीचा कागद उकिरड्यावर टाकनारा मानूस आपल्या जिल्ह्यात न्हाई," अण्णा म्हणाले, आणि ते खरं होतं.

शिवाय वर भोक पाडायचं, म्हणजे घरात खिळ्याला टांगता येईल. शिवाय कडेनं जाड काळी चौकट. कारण काळ्यावर लाल रंग उठतो, हे त्यांनी गोदामात एका परदेशी डब्यावर बघून ठेवलं होतं.

मी अण्णांना म्हटलं, की काळी चौकट, मधे बाईचा फोटो, मागं आरती आणि वर टांगायला भोक, हे सगळं मी यापूर्वी एकाच ठिकाणी एकत्र छापलेलं आहे. त्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमी लोक कायम जुन्या वळनावर जाता. रंगाचं शास्त्र नवं हाय. गिऱ्हाइकानं सांगावं आणि छापणाऱ्यानं छापावं असा आमच्या धंद्याचा नेम आहे. मी नमस्कार केला आणि कागद मोजायला घेतला.

शब्द पाळला म्हटल्यावर वहिनींना फोटोला बसावं लागलं. सांगलीच्या स्टुडिओत त्या हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून आल्या. फोटोग्राफरनं हसा म्हणून सांगितलं. परक्या माणसाकडे बघून हसायचं कशाला हे त्यांना उमगेना. त्यानं पुन्हा सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं घाईनं बटण दाबलं. तोच फोटो. कोल्हापूरहून त्याचा छपाईचा ठसा, ब्लॉक, करून आणला आणि मी तो चौकटीत बसवला. पहिलं कार्ड मशीनमधून बाहेर आलं तेव्हा आमच्या कंपोझिटरनं टोपी काढली.

पिशव्या बाजारात गेल्या. विटा, तासगाव, आटपाडी. दुकानदार त्या दोरीला ओवून दारात टांगत. अण्णा दर बाजाराला येऊन सांगत, की माल खपतोय आणि एक कार्ड कुठं पडलेलं दिसत न्हाई. काही घरांत तर लोकांनी ते देवांच्या तसबिरींशेजारी लावलंय. त्यांना धन्य वाटत होतं. मला जरा धाकधूक वाटत होती.

पुढल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन मी स्वतः कुंडलला गेलो, तो दिवस मला विसरता येत नाही. दुपार उतरली होती. अण्णा ओसरीवर मेणबत्ती लावून पिशव्या चिकटवत होते, मी बाजूला पाणी पीत होतो, आणि गल्लीच्या तोंडाला रडण्याचा आवाज आला. बाया गळा काढतात तसा. आवाज जवळ जवळ येत गेला आणि अण्णांच्याच दारात थांबला.

दारात वहिनींचे धाकटे भाऊ ज्ञानू उभे होते, आटपाडीहून एस.टी.नं आलेले. मागं त्यांची बायको आणि भावकीतल्या दोघी-तिघी. एकीच्या डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी. ज्या घरी माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, म्हणून पाहुण्यांनी कडू घास घेऊन यायचा असतो, तो.

"दाजी," ज्ञानू ओरडले, "आमाला कळवायचं बी न्हाई? माझी भन गेली आनि मला वाण्याच्या दुकानात कळावं?"

मग सगळं रडत रडत बाहेर पडलं. बाजारात दुकानापुढं बहिणीचं तोंड काळ्या चौकटीत ओळीनं टांगलेलं त्यांनी पाहिलं. मागं आरती. माणूस गेल्यावर तेराव्याला लोक भांडी वाटतात, आरतीची पुस्तकं वाटतात. दाजींनी चटणी वाटायला काढली असणार, तिच्याच हातची, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी तिथंच रस्त्यात बैठक मारली होती. दुकानदारानं त्यांना पाणी पाजलं, घरच्या बाया भाकरी घेऊन आल्यावर सगळ्यांना एस.टी.त बसवून दिलं, आणि जाताना त्यालाही रडू आलं होतं, असं कळलं.

आता या जागी कुणीही चटकन सांगितलं असतं की बाबा रे, ती जिवंत आहे. मी सांगणार होतो. पण मी अण्णांकडे बघितलं. त्यांच्या हातातली पिशवी जळत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. ते तसेच उभे राहिले. ज्ञानू येऊन त्यांच्या गळ्यात पडले आणि अण्णा, ज्यांना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, ते मेव्हण्याला धरून हुंदके द्यायला लागले. बायांनी नव्यानं सूर धरला. शेजारपाजारचे धावत आले, आणि अण्णा रडतायत म्हटल्यावर त्यांतलेही दोघे रडायला लागले.

तेवढ्यात गोठ्याकडून वहिनी आल्या. एका हातात धारेची चरवी, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला. त्यांनी ती गर्दी बघितली, भाकरीचं फडकं बघितलं आणि विचारलं,

"कोन गेलं?"

ज्ञानूंनी मान वर केली, बहिणीकडे बघितलं आणि पुन्हा रडायला सुरुवात केली, कारण एवढं आलेलं रडू मधेच थांबवायचं कसं हे त्यांना कळेना. त्यांची बायको मात्र हसत सुटली. मग सगळेच हसले आणि कडू घास सगळ्यांनी ओसरीवर बसून चटणीबरोबर खाल्ला. चटणीची फार तारीफ झाली. वहिनी ऐकत होत्या. कोण कसं रडलं, कुणी काय आठवण काढली, हे त्यांनी भावाकडून दोनदा वदवून घेतलं. रागावलेल्या मुळीच वाटल्या नाहीत. फोटोचं काय करायचं म्हणून कुणीतरी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आता नगं, यकदा बास झालं. पुढं त्या पिशवीवर मी एक लाल मिरची छापत असे. मिरची कुणी देवांशेजारी लावली नाही. चटणी तेवढीच खपली.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी पाहुणे आंघोळी करायला विहिरीकडे गेले आणि मला निघायचं होतं म्हणून मी अण्णांना शोधत परड्यात गेलो. ते वैरणीच्या गंजीला टेकून बसले होते. मी आणलेल्या कार्डांचा गठ्ठा पायाशी, न सोडलेला. मला वाटलं, दोन वर्षांची खटपट वाया गेली याचं वाईट वाटत असेल. म्हणून मी मिरचीचा विषय काढला. हिरवी घेऊ की लाल, असं विचारलं.

"मालक," ते म्हणाले, "ती गोठ्यात हाय हे मला म्हाईत हुतं. मीच म्हनालो हुतो तिला, जा, धार काढ जा."

मी त्यांच्याशेजारी वैरणीवर बसलो.

"पलटनीत तार आली की नाव कुनाचंबी निघू दे, माझ्या मनात पयलं हिचंच यायचं. तसं वाटलं बगा ज्ञानूला बगून. गोठा किती लांब हाय हो? हाक मारली आस्ती तर झालं आस्तं. पर धाडसच हुईना. म्हनलं, हाक मारली आनि ओ आली न्हाई तर?"

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात दिवा दिसला. वहिनींचा आवाज आला, "आवं, पावन्यांची ताटं वाढायची न्हवं?"

मी उठायला लागलो. अण्णांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि तसेच खाली मान घालून राहिले.

"आवं, आयकताय न्हवं?"

"आनि यकदा हाक मारू द्या," अण्णा हळूच म्हणाले.

तिसऱ्या हाकेला वहिनींचा आवाज चांगलाच तापला होता. तेव्हा कुठं अण्णांनी ओ दिली.